मूळ कवीची हरकत नाही

मी निवृत्त झालो हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

खरं म्हणजे माझा व्यवसाय लक्षात राहण्यासारखा होता. पेटी पुढ्यात घ्यायची, सगळ्यांना पाठ असलेलं एखादं गाणं धरायचं आणि त्यातला प्राजक्त काढून त्या जागी पाण्याचं बिल बसवायचं. याला सभ्य भाषेत विडंबनगीत म्हणतात. मूळ कवींच्या भाषेत काय म्हणतात, ते दोन कवींनी मला प्रत्यक्ष घरी येऊन सांगितलेलं आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा एकही गणेशोत्सव नसेल जिथे मी एखाद्या चांगल्या गाण्याचं वाटोळं केलं नाही. मग गुडघ्यांनी मांडी घालायला नकार दिला, तेव्हा एका सकाळी मी सुमतीला, म्हणजे बायकोला, गंभीर आवाजात सांगितलं, "मी निवृत्त होतोय."

भाजी निवडताना ती म्हणाली, "कशातून?"

मी ते मनाला लावून घेतलं नाही. बाहेरच्या जगाला तरी समजेल म्हणून वाट पाहिली. जगाने शब्द काढला नाही. उलट एकदा डोंबिवलीत एका लग्नात जिलबीच्या रांगेत एक गृहस्थ मला म्हणाले, "परवाच तुमचा कार्यक्रम पाहिला. काय रंगला होता!" परवा मी घरी वाफ घेत होतो. माझ्याशिवाय माझा कार्यक्रम रंगतो, हे ऐकून कुठल्या कलावंताला बरं वाटेल?

तेव्हा ठरवलं की निवृत्ती रंगमंचावरूनच जाहीर करायची. एकच शेवटचा प्रयोग, डोंबिवलीत, कारण माझे जुने श्रोते तिथे आहेत; निदान जे आहेत ते तिथे आहेत. शेवटी उभं राहून, हात जोडून "आता थांबतो" म्हणायचं. सभागृहाने क्षणभर स्तब्ध व्हावं, एखाद्या बाईने डोळे टिपावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. डोळे टिपणाऱ्या बाईंची आसनव्यवस्थाही मी मनात ठरवली होती. तिसरी रांग, कडेची खुर्ची.

सभागृहाचं नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा तिथे तोंड दाखवायचं आहे. बुकिंगच्या खिडकीतले साहेब भले होते. त्यांनी विचारलं, "कार्यक्रमाचं स्वरूप?"

"विडंबनगीतं."

"म्हणजे चाल दुसऱ्याची, शब्द तुमचे?"

"हो."

"मग दुसऱ्याचं ना-हरकत पत्र लागेल. प्रत्येक गाण्यामागे एक."

मी म्हटलं, "साहेब, कवी वारलेत."

"वारसांचं चालेल."

"वारस कॅनडात आहेत."

"पोस्टाने मागवा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काका, पूर्वी कुणी विचारत नव्हतं. आता लोक मोबाइलवर रेकॉर्ड करतात, कुणी तरी तक्रार करतं, नि आमच्या मागे लागतं. तुमचंच स्वतःचं गाणं असेल तर काही प्रश्न नाही."

"विडंबन स्वतःच्याच गाण्याचं कसं करणार?"

"ते मला काय माहीत? पण नियमात बसतं."

रिक्षात बसेपर्यंत मला तो विनोद वाटत होता. ठाण्यात, बाळकुमला घरी पोहोचेपर्यंत ती योजना झाली होती. आधी एक मूळ गाणं लिहायचं. गंभीर, भावपूर्ण, हळवं. मग त्याचं विडंबन करायचं. दोन्हींचा धनी मीच. कार्यक्रमाचा उरलेला वेळ मी नुसता बोलणार होतो. बोलायला अजून पत्र लागत नाही.

गंभीर लिहिणं किती अवघड असतं, ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. चंद्र लिहिला की पुढे चष्म्याचा नंबर सुचे. विरह लिहिला की बायको माहेरी गेल्याचा आनंद डोकावे. आमच्या मजल्यावरचा मितेश कॉम्प्युटरमधला. तो म्हणाला, "काका, आता अॅप लिहून देतं. फक्त किती सॅड पाहिजे ते सांगायचं." खालचे एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, आईवर लिहा, आईवरच्या गाण्याला कुणी नावं ठेवत नाही. सुमती म्हणाली, "तू गॅलरीत जाऊन उभा राहा आणि जे दिसतं ते लिही. विनोद सुचला की आत ये."

मी बराच वेळ गॅलरीत आतबाहेर केलं. आमच्या गॅलरीतून नवीन टॉवर्सच्या फटीतून बोटभर खाडी दिसते. बिल्डरने जाहिरातीत ती समुद्राएवढी काढली होती. तिन्हीसांजेला पलीकडे एक दिवा लागला आणि आश्चर्य म्हणजे मला त्यावर काहीही गमतीदार सुचलं नाही.

खाडीच्या पल्याड दिवा लागला,
कुणाचा गं जीव जागला?
मिठाच्या राशींत चंद्र सांडला,
कुणी गं डाव मांडला?

अशी तीन कडवी झाली. माझा तबलजी धोंडीबा मोहन्याहून आला. धोंडीबा आयुष्यभर माझ्या विनोदांवर न हसता तबला वाजवत आला आहे, त्यामुळे त्याचं मत मी मानतो. गाणं ऐकून तो म्हणाला, "यात हसायचं कुठं?"

"हे हसायचं नाही. हे मूळ आहे."

त्याने तबल्याची वादी ओढून घट्ट केली. "मग चांगलं आहे," तो म्हणाला. ही स्तुती होती, हे समजायला मला दोन दिवस लागले.

त्याचं विडंबन मात्र चहा निवायच्या आत झालं. आमची लिफ्ट अधूनमधून मधेच थांबते, त्यावर.

लिफ्टच्या खोक्यात दिवा विझला,
शेजारी घामाने भिजला;
सातव्या मजल्याचा श्वास कोंडला,
सेक्रेटरी कुठे गं दडला?

मी स्वतःच इतका हसलो की सुमती बघायला आली. तिने वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "पण मूळ गाणं कुणाला माहीत आहे?"

बायका असे प्रश्न विचारतात म्हणून मोठ्या योजना फसतात. मूळ गाणं आठवतं म्हणून तर विडंबनावर हसू येतं. माझं मूळ गाणं फक्त तिघांना ठाऊक होतं आणि त्यातले दोघे रंगमंचावर असणार होते.

ही अडचण मी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मांडली. मितेश म्हणाला, रील करा. मुख्याध्यापक म्हणाले, शाळांमध्ये प्रार्थना म्हणून लावा. एकाने सुचवलं की लिफ्टमध्ये वाजवा. पण ती थांबली की गाणंही थांबेल, अशी शंका निघाली आणि त्यावरून लिफ्टच्या देखभालीचा विषय सुरू झाला. सगळे भांडत असताना आमचा चेअरमन कमलेश बुलेटवरून आला.

कमलेशची ओळख करून द्यायला हवी. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे, तिथे त्याच्या वडिलांची, नाथाशेठची, भातशेती होती. त्यामुळे चेअरमनपदाची निवडणूक होत नाही. पार्किंगवरून भांडण झालं की तो शांतपणे एवढंच म्हणतो, "इथे आमचा खला होता, बरं का." खळं गेलेल्या माणसाशी पार्किंगवर काय भांडणार? सध्या त्याच्या गाड्या घंटागाडीच्या कंत्राटावर फिरतात.

सगळं ऐकून तो म्हणाला, "एवढंच ना काका? मी वाजवतो. घंटागाडीवर."

"कचऱ्याच्या गाडीवर माझं गाणं?"

"अख्खं बाळकुम ऐकतं. कळव्यापर्यंत जातात आपल्या गाड्या. तेच तेच गाणं ऐकून डायव्हरपण वैतागलेत. रोज सकाळी वाजणार, फुकटात. अजून काय पाहिजे?"

मी स्वाभिमानाशी थोडा झगडलो. स्वाभिमानाने फारसा प्रतिकार केला नाही.

रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममध्ये झालं, कपाटाची दारं उघडी टाकून, म्हणजे आवाज साड्यांत मुरतो. एक अडचण निघाली. माझ्या आवाजात काहीही गंभीर वाटत नाही. मी "कुणाचा गं जीव" म्हटलं की मितेश, जो रेकॉर्डिंगला बसला होता, तोंडात रुमाल कोंबायचा. शेवटी सुमती म्हणाली, "सरक जरा." आणि तिने पदर खोचून, पोळ्या राहिल्यात अशा घाईत, एका दमात तिन्ही कडवी म्हटली. धोंडीबाने तबल्यावरचा हात उचलला आणि बराच वेळ परत ठेवला नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात पेटी मीच वाजवायची आणि गायचंही मीच, अशी वहिवाट होती. ती कुणी आणि कधी ठरवली, हे मला त्या क्षणी आठवेना.

गाणं घंटागाडीवर लागलं आणि पसरलं. बाळकुम गावातल्या गल्ल्यांत बायका डबे घेऊन बाहेर येताना गुणगुणू लागल्या. वॉचमन शिट्टीवर म्हणू लागला. सकाळी आंघोळीच्या वेळी इमारतीच्या डक्टमधून वेगवेगळ्या मजल्यांवरून वेगवेगळी कडवी ऐकू यायची. कमलेशच्या आईने, आवडाबाईंनी, मला गेटवर गाठलं. त्या गावातल्या मानाच्या गाणाऱ्या. लग्नात हळदीला धवळे म्हणायला त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

"यो गाना कोन म्हनतं र?"

"माझी बायको. लिहिलंय मी."

शेवटचे दोन शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत. "बाईला घरा पाठव माझ्या. गला चांगला हाय तिचा." तेव्हापासून सुमती दुपारची आवडाबाईंकडे जाऊन बसू लागली. मी दुपारचा चहा स्वतः करायला शिकलो. निवृत्त माणसाला छंद हवाच.

आता कार्यक्रम जवळ आला आणि मी कमलेशला म्हटलं, "डोंबिवलीतही एकदोन गाड्या फिरव की."

तो माझ्याकडे दयेने बघू लागला. "काका, डोंबिवली आपल्यात कुठे येते? ती वेगळी महापालिका. त्यांचा कचरा वेगळा."

माझी कीर्ती खाडीपूल ओलांडून हद्दीवर थांबली होती. जिथे गाणं माहीत होतं तिथे कार्यक्रम नव्हता आणि जिथे कार्यक्रम होता तिथे गाणं माहीत नव्हतं. मार्ग कमलेशनेच काढला. "बस करतो. अर्धं बाळकुम घेऊन येतो. पण मग करिश्माच्या हळदीला यायचं हां काका, काकींना घेऊन." करिश्मा ही त्याची मुलगी. मी शब्द दिला.

इकडे खिडकीतल्या साहेबांनी नियमाप्रमाणे पत्र मागितलं. मी दिलं. 'मी, आनंद तळवडेकर, मूळ कवी, याद्वारे आनंद तळवडेकर, विडंबनकार, यांस माझ्या गाण्याची टिंगल करण्यास परवानगी देत आहे. माझी हरकत नाही.' खाली दोघांच्या सह्या. साहेबांनी त्या निरखून पाहिल्या.

"सह्या सारख्याच दिसतायत."

"माणूस एकच आहे."

"हो, पण वरच्यांना शंका येईल." मग मूळ कवी म्हणून मी डाव्या हाताने सही केली. ती मात्र कवीची शोभत होती.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. उजवीकडे डोंबिवली, स्वेटर आणि थर्मास घेऊन. डावीकडे बाळकुम, पहिल्या रांगेत आवडाबाई. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर, जिथे डोळे टिपणारी बाई बसायची होती, तिथे एक गृहस्थ सुरुवातीपासूनच झोपले होते.

मी थोडं बोललो, लोक थोडं हसले. मग योजनेप्रमाणे सुमतीने मूळ गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला डाव्या बाजूला हालचाल झाली. चारपाच बायका अर्धवट उठल्या. एक जण खुर्चीखाली वाकून कचऱ्याचा डबा शोधू लागला आणि मग ओशाळून बसला. सवय वाईट. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे स्थिर झाले. उजवीकडे कुणीच हलत नव्हतं. तिसरं कडवं संपलं तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या नाहीत. ज्या स्तब्धतेची मी इतके दिवस वाट पाहिली होती, ती मिळाली होती. फक्त ती माझी नव्हती.

त्या स्तब्धतेत मी पेटीचा भाता ओढला आणि सुरू केलं, "लिफ्टच्या खोक्यात दिवा विझला…"

कुणीही हसलं नाही.

मी दुसरी ओळ जरा जोरात म्हटली. विनोद पोहोचला नाही की कलावंत आवाज वाढवतो, ही आमच्या धंद्यातली जुनी समजूत. "शेजारी घामाने…" इथे आवडाबाई उभ्या राहिल्या.

"ए आनंदा! बंद कर र तो!"

मी बंद केलं.

"ती बाई एवढं चांगलं गायली नं तू त्याचेन लिफ्ट घातलंस? आमचे गान्याची मस्करी करतंस?"

उजवीकडून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. "या आजी बरोबर बोलतायत. मूळ कवीला काय वाटेल याचा काही विचार?"

"मूळ कवी मीच आहे," मी म्हणालो.

सभागृहात त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा पिकला.

"काहीतरीच काय," मिशा म्हणाल्या. "हे पारंपरिक आहे. माझी आजी म्हणायची."

डावीकडून पाठिंबा आला. "आमच्याकडचं जुनंच आहे ते. गाडीवर वाजतं."

मी आधारासाठी कमलेशकडे पाहिलं. तो चेअरमन असल्यामुळे बहुमताकडे बघत होता. मी धोंडीबाकडे पाहिलं. तो हसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खिशातलं पत्र काढून दाखवणार होतो, पण त्यावरची डाव्या हाताची सही आठवली आणि ते पुन्हा आत ठेवलं.

मग लोकांनी मूळ गाणं पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा एकदा, सगळ्यांनी मिळून. मी पेटीवर साथ केली. शेवटी मी उभा राहिलो, हात जोडले, "आता थांब…" एवढं म्हटलं आणि पडदा पडला. पुढच्या कार्यक्रमाची मुलं पऱ्यांचे पंख लावून विंगेत थांबली होती. परत येताना बसमध्ये सगळे गात होते. मी खिडकीशी बसलो होतो. सुमतीने हळूच विचारलं, "सांगितलंस का रे, निवृत्त झाल्याचं?"

"नाही."

तिने थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला.

पुढचे काही दिवस मी घराबाहेर फारसा पडलो नाही. गंमत अशी की मला राग लिफ्टच्या विडंबनावर कुणी हसलं नाही याचा नव्हता. माझं गाणं माझं नाही म्हणाले, याचा होता. घरी येऊन भांडून गेलेले ते दोन कवी मला आठवू लागले. त्यांना तेव्हा चहा तरी विचारायला हवा होता.

हळदीला जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण शब्द दिलेला आणि सुमती दुपारपासूनच तिकडे. संध्याकाळी मी पांढरा झब्बा घालून गेलो. ही माझी चूक. आगरी हळदीला पांढरा झब्बा घालणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा शहीद. मांडवात शिरल्या शिरल्या कमलेशने माझ्या गालांना आणि त्याच्या भावाने झब्ब्याला हळद लावली. पिवळा होऊन मी एका खुर्चीत बसलो. शेजारी कळव्याहून आलेले कुणी पाहुणे होते. त्यांना मी माहीत नव्हतो, आणि ते त्या वेळी बरं वाटलं.

मध्ये करिश्मा पाटावर, भोवती बायका, आवडाबाई म्होरक्या. धवळे झाले. मग त्या बायकांचं दुसरं काम सुरू झालं, गाण्यातून पाहुण्यांची टर उडवण्याचं. नवरीच्या मामाचं पोट झालं, कमलेशची बुलेट झाली. ज्याचं नाव निघे तो लाजून हसायचा आणि बाकीचे टाळ्या पिटायचे. मी तज्ज्ञाच्या नजरेने बघत होतो. काम चोख होतं. तेवढ्यात आवडाबाईंनी मान वळवली, त्यांची नजर मांडवभर फिरली आणि माझ्यावर येऊन बसली.

"कवी आयला नं," त्या म्हणाल्या. "ओ कवी! हरकत नाय ना तुमची?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी कवी म्हणत होतं आणि पहिल्यांदाच माझी परवानगी मागत होतं. मी मान हलवली. हरकत नाही.

चाल लागली. माझीच.

बालकुमच्या गल्लीन दिवा लागला,
सुमतीचा नवरा गाऊन भागला;
गाऊन गाऊन घरा बसला,
कुनाला ग नाय दिसला!

मांडवात हशा फुटला. माझ्या निवृत्तीची ही बातमी घरातली होती, बाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी सुमतीकडे पाहिलं. ती त्या बायकांत बसून, हळदीने भरलेले हात वर करून, सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती. बायकांनी शेवटची ओळ घोळवून घोळवून म्हटली. मागे बेंजोवाल्यांनी ती उचलली. कमलेश नाचायला लागला. पिवळ्या झब्ब्यात, तोंडावर हळद घेऊन, मी उभा राहिलो आणि हात जोडले. एवढ्या लोकांसमोर हात जोडायचे राहूनच गेले होते.

पुन्हा बसल्यावर कळव्याच्या पाहुण्यांनी कानाशी तोंड आणून विचारलं, "काका, तुम्ही रिटायर झालात? कधी?"

"आत्ताच," मी म्हणालो.